आत्याच्या घड्याळातलं भिंग

विजेचे मीटर वाचत दारोदार फिरण्यात त्याची बत्तीस वर्षं गेली. आकडा टिपून झाला तरी पाय निघायचा नाही. दुपारी दिवा का चालू, शेजारी कुलूप का, हे विचारून घ्यायचंच. घरात त्याचं नावच पडलं होतं, चौकशीखातं.

निवृत्तीनंतर त्याच्या हातून आत्याचं मनगटी घड्याळ फरशीवर पडलं आणि काचेचे दोन तुकडे झाले. आत्या जन्मभर इस्पितळात नर्स होती. जाताना हे घड्याळ तिने भाच्याला दिलं होतं.

दोन दुकानांनी हात वर केले. तिसऱ्या घड्याळजीने खणातून बरोबर मापाची काच काढून बसवली. चौकशीखात्याने घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"आकडे बारीक झालेत हो."

"आकडे कसे बारीक होतील, काका?"

"पूर्वी मोठे दिसायचे. जुने तुकडे बघा बरं."

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून तुकडा न्याहाळला. "ही घड्याळाची काच नाहीच. चष्म्याचं भिंग घासून बसवलंय." मग त्याने मागचं झाकण उघडलं. आत सुईने कोरलेली बारीकशी खूण होती. "ही आमच्या गुरुजींची खूण. वरच राहतात."

गुरुजी नव्वदीचे. घड्याळ हातात घेताच म्हणाले, "नर्सबाईंचं ना? त्यांना नाडी मोजताना सेकंदकाटा दिसेनासा झाला होता. पण चष्मा लावला तर वॉर्डातून काढून कारकुनीला बसवतील, अशी धास्ती."

चौकशीखातं चटकन पुढे सरकलं. आत्याला चाळिशी लागली नाही, याचं घरात केवढं कौतुक होतं. "मग एखाद्याची नाडी चुकली असती तर?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, चुकू नये म्हणूनच आलेय तुमच्याकडे. तरी दरवेळी दोनदा मोजते."

त्याने साधी काच काढायला सांगितली. पुन्हा भिंगच हवं होतं. गुरुजींचे हात थरथरत, म्हणून ते खाली दुकानात येऊन बसले आणि शिष्याकडून काम करून घेऊ लागले. पहिलं भिंग कडेला तडकलं, दुसरं अंगठ्याच्या नखाएवढं लहान झालं. चौकशीखातं रोज संध्याकाळी स्टुलावर हजर. पाणी कशाला लावता, कड तिरकी का घासता, काट्याला भिंग टेकत कसं नाही? घड्याळजी वैतागला, गुरुजी मात्र खुलले. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी तिसरं भिंग चपखल बसलं. आकडे पुन्हा मोठे झाले.

घरी बायकोने घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. "आत्याबाई मोठ्या बेरकी निघाल्या," ती म्हणाली. "झालं ना आता मनासारखं?"

"झालं की," म्हणत तो पायांत चपला सरकवू लागला.

"मग निघालात कुठे?"

"गुरुजींकडे. इतर कुणाकुणाची घड्याळं अशी करून दिली, ते विचारायचं राहिलंय."