तेविसावा हात

वहीचा कोपरा माझ्या ओठावर बसला. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानांची वही. वकीलसाहेबांनी ती टेबलापलीकडून फेकून मारली होती. दात हलला. सदऱ्यावर रक्त आलं. गिरगावात पक्षाच्या कचेरीत भर दुपारी सतरा माणसं बसली होती. मी मोजली. एकही जण उठला नाही.

"कारकुंड्या, तुला लिहायला ठेवलाय. मोजायला नाही."

मी बेचाळीस वर्षांचा. परळच्या एका गिरणीत हजेरी खात्यात कारकून. दोन मुलींचा बाप. लालबागच्या वॉर्ड समितीचा अकरा वर्षं चिटणीस. वकीलसाहेब जिल्ह्याचे अध्यक्ष, तीन चाळींचे मालक.

वही समितीच्या इतिवृत्ताची. आमच्याकडे रिवाज असा की ठराव वरून टाइप होऊन यायचा, मी वाचायचो, थोडी कुरकुर व्हायची आणि मी लिहायचो, 'एकमताने मंजूर'. घरी तांदळाचं माप मी स्वतः घेतो. गिरणीत अर्ध्या दिवसाची चूक मला खपत नाही. पण अकरा वर्षं मी सभेतले हात मोजले नाहीत. हे खोटं माझं. कोणी माझ्यावर बंदूक रोखली नव्हती.

मग मुंबईचा ठराव आला. मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही हे श्रेष्ठींवर सोपवावं, सभासदांनी संयम पाळावा. याला ते मधला मार्ग म्हणत. सभेत शिवराम उठला. आमच्याच गिरणीतला विणकर, मालवणकडचा, करी रोडच्या चाळीत राहणारा. त्यानं उपसूचना मांडली: मुंबई महाराष्ट्राचीच, आणि यापुढे वॉर्डाचा उमेदवार वॉर्डातले सभासद मत देऊन ठरवतील, वरून लादून घेणार नाहीत.

हात वर गेले. सगळ्यात शेवटी त्यानं आपला केला आणि मला म्हणाला, "भाऊ, थंय गिरणीत माझी हजेरी खातास तर खावा. पण हंय माझो हात खाव नकात."

सगळे हसले. मलाही हसू आलं. आणि मी मोजलं. बाजूने तेवीस, विरुद्ध चार. नावांसकट लिहिलं.

चौथ्या दिवशी लालबागेत मुंबईसाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला. पोलिसांवर दगड जात होते, हे मी लपवणार नाही. एक माझाही होता. शिवराम माझ्यापासून दहा पावलांवर होता. गोळी गळ्यातून गेली. तो पडला तेव्हा आवाज तोंडातून आला नाही, गळ्यातून आला. एका दुधवाल्यानं आणि मी त्याला दुकानाच्या फळीवर टाकून इस्पितळाकडे पळवलं. माझे हात कोपरापर्यंत भरले. वाटेतच गेला.

पोलिसांनी कागदावर लिहिलं: गुंड.

त्याची बायको माझ्या दारात आली. रडत नव्हती. "भाऊनू, तुमच्या वहीत त्यांचा नाव आसा मां? मगे लिवन देवा, ते गुंड नव्हते म्हणान."

देतो म्हणालो. पत्रावर अध्यक्षांची सही हवी होती, म्हणून वही घेऊन गिरगावात गेलो. वकीलसाहेबांनी पान वाचलं.

"हे तेवीस-चार काय? एकमताने लिहा, आपला ठराव लिहा. आणि या मेलेल्याचं नाव काढा. गोळी लागलेला माणूस आपल्या यादीत नको."

"साहेब, तो आपला सभासद होता."

त्यांनी आवाज उतरवला. "हे बघा, आपण ना या टोकाचे, ना त्या टोकाचे. पक्षात राहूनच पक्ष बदलतो. हळूहळू. दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात."

"शिवराम कुठल्या बाजूला धरायचा, साहेब?"

तेव्हा वही आली.

दोघांनी खांदे दाबून मला खाली बसवलं. मान धरली. पान उघडून समोर ठेवलं, हातात टाक दिला. रक्त नावांवर ठिबकत होतं. एक रेघ मारली असती तर घरी गेलो असतो. पण ती बाई गुंडाची बायको झाली असती, माझ्या अक्षरात.

"तेवीस," मी म्हणालो.

बरगडीत लाथ बसली.

"तेवीस."

जिन्यावरून ढकललं मला. वही मी ओढून पोटाशी धरली होती, ती सोडली नाही. वर कचेरीत टेबलावर पितळेचं वजन होतं, हाताच्या अंतरावर. ते उचलून वकीलसाहेबांच्या डोक्यात घातलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

पत्र मीच लिहिलं, साध्या कागदावर. हात वर करणाऱ्या बावीस जणांकडे गेलो. एकोणीस सह्या झाल्या. तिघांनी दार लावून घेतलं. पोलिसांनी आपला कागद बदलला नाही. पक्षानं मला काढलं, आणि तेही 'एकमताने'.

आता निवडणूक येतेय. या वॉर्डात वकीलसाहेबांचा माणूस पाडायचा. मी प्रत्येक चाळीत, प्रत्येक खोलीत जाणार आहे. मधला मार्ग शिवरामच्या गळ्यातून गेला, हे मी माणसागणिक सांगणार आहे. आणि आम्ही निवडून दिलेला माणूस उद्या त्याच खुर्चीत बसून मला 'एकमताने' लिही म्हणाला, तर त्यालाही पाडीन.