देवणीचा दुभाष्या

हणमंत गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नांदेडला एका सभागृहात बोलत होतो. विषय होता ‘आशियातील सुरक्षेची आव्हाने’. समोरच्या मेजावर फोन थरथरला, पडद्यावर ‘हणमंत घर’ असं दिसलं आणि मी तो बंद केला. भाषण झालं, शाल-श्रीफळ झालं, आयोजकांबरोबर जेवण झालं. मग उलट फोन लावला. त्याची बायको, शांतावहिनी, एवढंच म्हणाल्या, “सकाळी छातीत दुखालंय म्हणले, अन् गेले. चारला न्यायचं हाय. या.” तेव्हा दोन वाजत आले होते. चारपर्यंत देवणी गाठणं होणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. त्या घरातल्या माणसांसमोर उभं राहावं लागणार नव्हतं... हे कागदावर यायला पाच आठवडे लागले.

हणमंत बिरादार आणि मी देवणीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढं मी लातूरला राज्यशास्त्राचा प्राध्यापक झालो, तो फौजेत गेला. सुट्टीवर आला की मुक्कामाला माझ्याकडं असायचा. एकदा म्हणाला, “साहेबांनी इचारलं, चिनी भाषा कोण शिकणार? एकानं हात वर केला न्हाई. मी केला. म्हणलं, तेवढंच दोन वर्षं थंडीतून सुटका.” मी हसलो. तो म्हणाला, “आरं, आपल्या बाजारात बैल इकायचा तर मराठी, कानडी, तेलुगू लागतीय. चौथीला काय भ्यायचं?” तो ती भाषा नुसती शिकला नाही, तिच्यात रमला. नंतर कित्येक वर्षं सीमेवर दोन्ही बाजूंचे अधिकारी तंबूत समोरासमोर बसत, तेव्हा मधल्या खुर्चीवर हणमंत असायचा, दुभाष्या म्हणून.

त्या बैठकांबद्दल तो बेताचंच बोले. एकदा त्यांच्याकडचे याक चुकून अलीकडं आले. जनावरं परत द्यायची एवढंच काम, पण दोन्हीकडची पोरं तापलेली. “भांडण याकाचं, पण बोलणं दोन देशांचं,” तो म्हणाला. “माझा एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर तिथंच दांडकी उचलली असती. सांजच्याला तंबूत आलो तर हाताला घाम, बाहेर बर्फ.” ही गोष्ट मी माझ्या व्याख्यानांत वर्षानुवर्षं वापरली. फक्त ‘माझा मित्र हवालदार’ असं म्हणायच्या जागी म्हणत आलो, ‘एक वरिष्ठ लष्करी अधिकारी मला म्हणाले...’ हवालदाराच्या नावानं सभागृह गप्प बसत नाही, हे मला माहीत होतं.

निवृत्त होऊन तो देवणीला आला आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यानं चिनी भाषेचा वर्ग सुरू केला. फी नाही. सहा-सात मुलंमुली यायची. लोक हसले, पण त्यातली एक मुलगी पुण्याला पुढं शिकायला गेली, तेव्हा हसणं थांबलं. हणमंत मला फोनवर अभिमानानं तिचे मार्क सांगायचा.

मग सीमेवर ती चकमक झाली. आपले जवान गेले. त्यानंतर शिरूर अनंतपाळला तरुणांनी सभा ठेवली, वक्ता मी. सभागृह खचाखच भरलेलं. मी तासभर गर्जलो. टाळ्या थांबेनात. प्रश्नोत्तरांना मागच्या रांगेतून हणमंत उभा राहिला. तो आलाय हे मला माहीतच नव्हतं. टोपी हातात घेऊन तो सावकाश म्हणाला, “गेलेली पोरं माझीच व्हती. राग मलाबी हाय. पण त्यांच्यात हिंदी शिकलेली माणसं हायती, आपले पेपर वाचत्यात. आपल्या अख्ख्या जिल्ह्यात त्यांचा पेपर वाचणारं कोण हाय? आधी ते काय बोलालेत ते तरी कळू द्या.”

कुणीतरी ओरडलं, “चिन्यांचा जावई!” शिट्ट्या वाजल्या. आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. माइक माझ्या हातात होता. ‘हा माझा मित्र आहे, ह्यानं उभी हयात त्या बर्फात काढली आहे,’ एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, “काही लोकांनी चिन्यांच्या तंबूतला चहा जरा जास्तच घेतलेला दिसतोय.”

सभागृह हसून कोसळलं. हणमंत क्षणभर तसाच उभा राहिला, मग बसला. उठून गेला नाही. शेवटी राष्ट्रगीत झालं तेव्हा ताठ उभा होता. नंतर मी दारापर्यंत पोहोचेतो तो निघून गेला होता... की मीच मुद्दाम सावकाश चाललो, आता नक्की सांगता येत नाही.

माझं ते वाक्य मोबाइलवरून गावोगाव फिरलं. देवणीत त्याला ‘चिनी’ म्हणायला लागले. आईबापांनी मुलं काढून घेतली आणि वाचनालयानं खोलीची किल्ली परत मागितली. मला हे सगळं कळत होतं. मी फोन केला नाही. पुढं वर्षभरानं लातूरच्या बसस्टँडवर तो अचानक समोर आला. तोच म्हणाला, “आवाज लई चांगलाय बघ तुझा. अजून तसाच हाय.” टोमणा नव्हता तो. मी म्हणालो, “हणमंत, त्या दिवशी...” तेवढ्यात उदगीरची गाडी लागली आणि तो पिशवी सावरत चढला. वाक्य पुरं करायला मला पुढं तीन वर्षं होती. केलं नाही.

अखेर दहाव्या दिवसानंतर मी देवणीला गेलो. शांतावहिनींना म्हणालो, “शिरूरच्या सभेत मी हणमंतला...” त्या मध्येच म्हणाल्या, “माहीत हाय. मोबाइलवर ऐकलं मी. ह्यांनीबी ऐकलं, दोनदा.” मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीला एक काळा फळा टेकवलेला होता. त्यावर खडूनं चिनी अक्षरांच्या दोन ओळी, घोटून काढल्यासारख्या. “पोरं यायची बंद झाली तरी रोज पाचला फळा पुसायचे अन् नवं लिहायचे,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हणायची, कुणासाठी लिहिताव? तर म्हणायचे, एखादं आलंच तर धडा तयार पायजे.”

त्या फळ्याजवळ गेल्या. अक्षरांना हात लागू नये म्हणून बोट जरा दूर धरून म्हणाल्या, “हे शेवटचं. काय लिवलंय, भाऊजी? तुमी चीनवर बोलताव, तुमाला येत असंल.”

तीस वर्षं मी त्या देशावर बोलत आलो आहे.

“न्हाई वहिनी,” मी म्हणालो. “मला ह्यातलं एक अक्षरबी वाचता येत न्हाई.”

त्यांना खरंच नवल वाटलं. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल.

“मग ह्यांना इचारायचं व्हतं की,” त्या म्हणाल्या, “व्हते तवर.”