धायरीच्या ओट्याचे चार इंच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. एका माणसाच्या नावावर गेली पंचवीस वर्षं एक चूक लागलेली आहे. ती त्याची नव्हती, माझी होती. आणि मला ते तेव्हाही माहीत होतं. पुढे कधीतरी कळलं, असं म्हणायची सोयही मला नाही.

तो आणि मी विदर्भातल्या एकाच कॉलेजात आर्किटेक्चर शिकत होतो. चौथ्या वर्षी एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेनिंग करावं लागतं, त्यासाठी पुण्यात आलो. ऑफिस कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत होतं आणि आम्ही कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत तीन कॉट, तिसरा कॉट सतत बदलणाऱ्या माणसांचा. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीचा जिना दिसायचा. सकाळी पाणी जाण्याआधी अंघोळ, मग बस, मग दिवसभर टेबलावर वाकून ड्रॉइंग, दुपारी डबा. डब्यातली भाजी ओळखायची पैज लावायचो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची. ती संध्याकाळ मला सगळ्यात नकोशी वाटायची. बिस्किटं खाऊन पडलं की आपलं इथे कुणी नाही हे स्वच्छ कळायचं.

त्याला असं काही व्हायचं नाही. तो यवतमाळकडचा, बोलायला मोकळा. ऑफिसात पहिल्याच दिवशी त्याने सरांना, म्हणजे ऑफिसच्या मालकांना, विचारलं, "सर, मी कुठं बसू? इथं तर सारे बसून रायले." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बसून रायले नाहीत, काम करत आहेत. आपणही प्रयत्न करून पाहा." सगळे हसले. तोही हसला. मी त्या दिवसापासून 'रायलो' म्हणणं बंद केलं. महिन्याभरात मी इतका शुद्ध बोलायला लागलो की खोलीवर तो मला म्हणायचा, "काय बे, आता आईसंगही फोनवर 'आपण' म्हणशीन काय?"

म्हणायला हरकत नाही, मला त्याची थोडी लाज वाटायची. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं.

ट्रेनिंगचे तीन महिने झाले असतील. सरांनी आम्हाला बोलावलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितलं, "डिग्री झाल्यावर तुमच्यातल्या एकाला इथे ठेवण्याचा विचार आहे. दोघांना ठेवण्याइतकं हे ऑफिस धर्मादाय नाही." बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुलेच ठेवतीन, पाह्य. तुही लाइन साफ आहे." मी म्हणालो, "नाही रे, तुझंच काम चांगलंय." ते खरं होतं. त्याला जागा वाचता यायची. रिकाम्या खोलीत उभा राहिला की दार कुठे हवं हे त्याला दिसायचं. मला फक्त रेषा काढता यायच्या.

त्याच आठवड्यात आम्हाला धायरीला पाठवलं. एक निवृत्त शाळामास्तरीण तिथे एकट्या राहायच्या, त्यांचं स्वयंपाकघर नवं करायचं होतं. धायरी तेव्हा अर्धी गावच होती, बसमधून उतरून बरंच चालावं लागलं. बाईंचा आग्रह एकच होता: ओटा काळ्या ग्रॅनाइटचा हवा आणि एका अखंड तुकड्याचा हवा, मध्ये जोड नको. "जोडात खरकटं अडकतं," त्या म्हणाल्या, "आणि आयुष्यभर जोडाचाच ओटा पुसलाय मी. आता पुरे."

इथे टेपबद्दल सांगायला हवं. ऑफिसातल्या टेपच्या टोकाची पट्टी तुटली होती. नवा टेप मागितला की सर म्हणायचे, "डोकं वापरा, ते फुकट आहे." म्हणून आमची रीत अशी होती: एकाने भिंतीला टेपचं टोक न टेकवता शंभर मिलिमीटरची, म्हणजे चार इंचांवरची, खूण टेकवायची, दुसऱ्याने समोरच्या भिंतीपाशी आकडा वाचायचा आणि त्यातून शंभर वजा करून वहीत लिहायचा. मी धरायचो, तो वाचायचा आणि लिहायचा. त्याचं अक्षर सुवाच्य होतं म्हणून.

स्वयंपाकघरात ओट्याच्या भिंतीच्या कोपऱ्यात गॅसचं सिलिंडर होतं. हात आत जाईना, खूण दिसेना. मी सिलिंडर हलवायला हवं होतं. कंटाळा केला आणि टेपचं तुटकं टोकच सरळ भिंतीला टेकवलं. मनात म्हटलं, आत्ता सांगतो याला, हे वजा करू नको. तेवढ्यात बाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. "अहो मुलांनो, आधी खा, भिंती कुठे पळून जात नाहीत." त्यांनी आमच्या घरची चौकशी केली, तो त्यांच्याशी जन्माची ओळख असल्यासारखा बोलत बसला, आणि माझं सांगायचं राहिलं. त्याने वजा करून लिहिलं होतं. म्हणजे भिंत खरी होती त्यापेक्षा वहीत चार इंचांनी कमी झाली.

मला आठवण झाली ती परतीच्या बसमध्ये. तो शेजारीच बसला होता. उद्या सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो ड्रॉइंग काढत होता आणि त्याचा ताळा जमेना. आतल्या खोल्यांची मापं आणि बाहेरून घेतलेलं माप यांत शंभराचा फरक येत होता. सर त्याच वेळी आमच्या टेबलापाशी उभे होते, माझं एक ड्रॉइंग हातात घेऊन. "ही रेषा बरी आहे," असं ते म्हणाले होते. त्यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे फार झालं. तेवढ्यात तो मान वर करून मला म्हणाला, "काय बे, किचनमध्ये तुनं टेप शंभरवरच धरला होता ना?"

सर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हो, शंभरवरच."

बस, एवढंच बोललो. त्याने मान डोलावली. मी सांगतोय म्हणजे तसंच असणार, हे त्याच्या मनात इतकं पक्कं होतं की त्याने तो फरक बाहेरच्या भिंतीच्या जाडीत टाकला आणि पुढे गेला. कागदावर सगळं जुळलं. ग्रॅनाइट कापायला गेलं ते त्याच आकड्यावर.

ते बसवायच्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना तिथे बोलावून घेतलं. काळा, चकचकीत, एकसंध ओटा. आणि कोपऱ्यात भिंतीपर्यंत चार इंच उघडी जागा. मिस्त्री बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून उभा होता. बाई त्या जागेत हात घालून बघत राहिल्या. सर म्हणाले, "छान. या फटीत आजींनी काय करायचं? पत्रं टाकायची?" मग वही उघडली. "हे अक्षर कुणाचं?"

"माहं आहे सर," तो म्हणाला.

"वजाबाकी कितवीत शिकवतात तुमच्याकडे?"

तो अगदी हळू म्हणाला, "दोनदा वजा झालं असंन सर. माह्याकडूनच झालं." माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. ते काही खरं नाही. मी त्या वेळी मिस्त्रीच्या चपलांकडे बघत होतो आणि मला एकच वाटत होतं, हे लवकर संपू दे.

बाईंनी शेवटी चार इंचांचा जोड लावून घेतला. "असू दे," म्हणाल्या, "सवय आहे." सर नवा तुकडा मागवतो म्हणाले, त्याला त्यांनी नकार दिला. तो जाताना त्यांच्या पाया पडला. मी पडलो नाही.

त्यानंतर तो बदलला. आकडा लिहायचा, खोडायचा, पुन्हा मोजायचा. एका दरवाज्याला अर्धा तास लावायचा. सर म्हणायचे, "आपण जपमाळ ओढताय की माप घेताय?" आणि सगळं ऑफिस हसायचं. खोलीवर कॉटवर पडून तो म्हणायचा, "माह्या डोक्यात कायतरी लोच्या आहे बे. मले आठवतच नाही मी दोनदा केव्हा वजा केलं." मी म्हणायचो, "जाऊ दे ना, होतं असं." माझ्या या समजावण्याचं त्याला कौतुक वाटायचं. ट्रेनिंगच्या शेवटी सरांनी कॉलेजला द्यायच्या त्याच्या पत्रात 'मोजमापात भरवशाचा नाही' अशा अर्थाचं वाक्य घातलं. कॉलेजने ट्रेनिंग पुन्हा करायला सांगितलं. तो दुसऱ्या ऑफिसात गेलाच नाही. गावी परतला, शिक्षण तिथेच थांबलं. नोकरी मला मिळाली. पुढे वारज्यात माझं स्वतःचं ऑफिस झालं.

आमचं बोलणं वर्षातून एकदा, दिवाळीला फोनवर. तो प्लायवूडचं दुकान चालवतो. मी कधी सांगितलं नाही. आधी भीती वाटायची, नंतर उशीर झाला असं वाटायला लागलं. मग तर ते खरंच घडलं होतं का, इथपर्यंत मी स्वतःशी घोळ घालून पाहिला. पण सिलिंडरचा लाल रंग आणि आत न जाणारा हात मला स्वच्छ आठवतो.

यंदा त्याचा फोन दिवाळी नसताना आला. त्याची मुलगी आर्किटेक्चरला आहे, तिला ट्रेनिंगसाठी पुण्यात ऑफिस हवं होतं. "तुह्याकडं घेतं काय? शिकू दे तुह्या हाताखाली. माह्यासारखी नको व्हायले." मी हो म्हणालो. मला हो म्हणायची सवयच आहे.

ती आता दोन महिने माझ्या ऑफिसात आहे. कर्वेनगरातच राहते, पीजीत. मला ऑफिसात सर म्हणते, बाहेर काका. हुशार आहे. रिकाम्या खोलीत उभी राहिली की दार कुठे हवं हे तिलाही दिसतं. पण माप घेताना घाबरते. आता आमच्याकडे लेसरचं यंत्र आहे, बटण दाबलं की आकडा येतो. ती तेच बटण चार-चार वेळा दाबते. बाकीची मुलं तिला हसतात, "अगं, लेसरला ताप येईल." परवा मी तिला विचारलं, इतकं कशाला घाबरतेस?

ती म्हणाली, "काका, आमच्यात ते आहेच. बाबांचंही तसंच होतं ना. त्यांनी सांगितलंय मला सगळं, धायरीचं. म्हणाले, सारे हसले, तुह्या काकानं मात्र एका शब्दानं बोललं नाही मले. असा माणूस आहे तो."

मी तिला म्हणालो, चहा घे. आणि आत जाऊन बसलो.

म्हणजे ती चूक आता एका पिढीवरून दुसरीवर गेली आहे, जणू घरातल्या दुखण्यासारखी. जे तिच्या बापात कधी नव्हतंच, ते ती आपल्यात शोधते आहे, आणि शोधता शोधता ते तिच्यात तयार होतंय. मी रोज काचेतून बघतो. तिचं ट्रेनिंग संपायला अजून वेळ आहे, पण मला स्वतःचा भरवसा वाटत नाही. पंचवीस वर्षांत जे जमलं नाही ते मला येत्या सोमवारी जमेल असं मानायला काही कारण नाही. आणि सांगितलं तरी त्याची गेलेली वर्षं त्यातून परत येणार नाहीत. प्लायवूडच्या दुकानात तो त्यातून आर्किटेक्ट होणार नाही.

हे लिहिलं म्हणून काही फिटलं, असं मी समजत नाही. इथे त्याचं नाव नाही, माझं नाही. तो हे वाचणार नाही.

'टेपचं टोकच मी भिंतीला टेकवलं होतं आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो', हे मला त्याला सांगायचं आहे. आणि त्याच्या मुलीला, तिच्यासमोर बसून. दोघांचंही माझ्याकडे बाकी आहे.