भुंगेऱ्यांवर आलेला आळ

मी दोन वर्षं हिमाचलच्या जंगलात देवदार आणि चीड, म्हणजे तिथले पाइन, यांना लागणाऱ्या किडींचा अभ्यास केला आणि मग लग्न करून दुबईला आले. इथे देवदार नाही, चीड नाही. झाडं म्हणजे खजुराच्या रांगा, त्याही नळीने पाणी पिणाऱ्या. नवरा सॉफ्टवेअरमधला, त्याला सगळी गावं सारखीच. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी अल कुसैसमधल्या एका पेस्ट कंट्रोल कंपनीत टेक्निकल सुपरवायझर म्हणून लागले. सासूबाई पुण्यात अजूनही सांगतात, "सून किडींची डॉक्टर आहे." खोटं नाही ते. पेशंट मेला की लोक आभार मानतात, अशी ही एकच डॉक्टरी असावी.

दहा वर्षं झुरळं आणि ढेकूण यांच्यात गेली. मग गेल्या मार्चमध्ये साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"आपके सीव्ही में कॉनिफर लिखा है ना? एक क्लायंट के पाइन सूख रहे हैं."

सिलिकॉन ओएसिसच्या पुढे एक नवी सोसायटी होती. तिच्या गेटवर नऊ पाइन लावले होते, युरोपातून कंटेनरमधून आणलेले. रहिवाशांना घरी येताना डोंगरात आल्यासारखं वाटावं, अशी कल्पना. त्यातले तीन तांबूस पडले होते. सकाळी मी कपाटाच्या तळातून जुनं भिंग काढून पुसत बसले, तेव्हा मुलगी म्हणाली, "मम्मा, यू आर अ‍ॅक्च्युअली हॅपी. इट्स वियर्ड."

खरंच होते. पहिल्याच झाडाच्या सालीवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती आणि भेगांमध्ये बारीक लाल भुस्सा. चाकूने साल उचकटली. आतल्या लाकडावर एक उभा बोगदा आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या नागमोडी रेघा, अगदी हिमाचलात वहीत काढायचे तशा. आणि त्यात तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी भुंगेरा. इतक्या वर्षांनी माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं.

सोसायटीचे फॅसिलिटी मॅनेजर मागे उभे होते. भोपाळचे, अत्यंत सभ्य, उन्हातही टाय.

"कीडा मिल गया? बस, रिपोर्ट में लिख दीजिए. खलास."

पण खलास होत नव्हतं. धडधाकट पाइनमध्ये भुंगेरा शिरला की झाड राळ सोडतं आणि त्याला तिथल्या तिथे बुडवून मारतं. इथे राळेचा थेंब नव्हता. म्हणजे झाड आधीच हरलेलं होतं, भुंगेरा नंतर आला होता. मी बुंध्याशी बोटं खुपसली. काळा चिखल वर आला, कुजका वास मारणारा. भोवती हिरवंगार लॉन, दिवसातून दोनदा पाणी. कोरड्या, खडकाळ उतारावरचं हे झाड इथे महिनोन् महिने पाण्यात पाय सोडून उभं होतं.

"सर, जड़ें सड़ गई हैं. पानी कम करना पड़ेगा."

"लॉन तो ब्रोशर में है, मॅडम," ते म्हणाले. मग समजावणीच्या सुरात, "देखिए, कीडा लिखेंगी तो किसी की गलती नहीं. पानी लिखेंगी तो मेरी."

इतकं स्वच्छ निदान मला चार पानांत जमलं नाही. तरी मी ती चार पानं लिहिली, फोटो लावले, मुळांना वर ठेवलं आणि भुंगेऱ्यांना खाली. साहेबांनी ती वाचून डोक्याला हात लावला.

"आपको कीडा मारने भेजा था, क्लायंट को नहीं!"

काम दुसऱ्या कंपनीला गेलं. त्यांची माणसं पांढरे सूट घालून आली, फवारणी झाली, खोडांना इंजेक्शनं झाली. हे मला सोसायटीच्या माळ्याने फोनवर सांगितलं. तो गढवालचा, साठीकडे झुकलेला. मी मुळं उकरत होते तेव्हा तो शेजारीच पाइप धरून उभा होता. निघताना त्यानेच नंबर मागून घेतला होता, "हमारे चीड में भी यही लगता है, मॅडमजी" म्हणत.

"और सुनिए," तो म्हणाला, "कोने के दो पेड़ों का स्प्रिंकलर खराब हो गया है. पार्ट आने में टाइम लगेगा. इन्शाल्ला."

ऑक्टोबरमध्ये त्याच सोसायटीच्या कचऱ्याच्या खोलीत झुरळं झाली म्हणून मी पुन्हा तिथे गेले. गेटवर सात खड्डे होते. कोपऱ्यातले दोन पाइन मात्र उभे होते, शेंड्यांना कोवळे, फिकट हिरवे तुरे फुटलेले. त्यांच्या बुंध्याशी लॉन वाळून गेलं होतं आणि त्यावर कुणीतरी नीट खडी पसरली होती.

"देखा?" मॅनेजर मला मुद्दाम तिथे घेऊन गेले. "ट्रीटमेंट का असर! इन दोनों पर तो कमाल हुआ."

माळी लांब उभा राहून पाइपची गुंडाळी करत होता. त्याने वर पाहिलंही नाही. मी तोंड उघडलं असतं तर माझं शास्त्र जिंकलं असतं आणि त्याची नोकरी गेली असती. "हाँ, कमाल है," मी म्हणाले. हसू मात्र दाबावं लागलं.

सात नवे पाइन येणार होते. या वेळी काम आमच्याकडे द्यायला मॅनेजर तयार होते, कारण भुंगेरा शेवटी मीच शोधला होता. मी एकच अट घातली. त्या झाडांना पाणी किती आणि कधी, ते माळी ठरवेल.

"बस इतना?" त्यांना गंमत वाटली. "वो तो वैसे भी माली का ही काम है."

नवे सातही अजून हिरवे आहेत. दर महिन्याला मी जाते, साली तपासते, माळ्यासोबत कपभर चहा घेते आणि फॉर्मवर 'कीड आढळली नाही' असं लिहून देते. साहेबांच्या मते माझे रिपोर्ट आता बरेच सुधारलेत.