सरळ केलेली डबी

आमच्या मिस्त्रीला सगळे ‘ओळंबा’ म्हणत. वाकडं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. परक्या घरातली तसबीरसुद्धा तो सरळ करून यायचा.

शेजारी खोल पाया खणायचा होता म्हणून एका चार मजली इमारतीच्या भिंतींवर झुकाव मोजणाऱ्या डब्या बसवल्या होत्या. त्यातली एक त्याला बोटभर तिरकी दिसली. पठ्ठ्याने स्क्रू ढिले केले, डबी ओळंब्यात आणली आणि खुशीत चहाला गेला.

परत येतो तो काय, डब्यांना जोडलेला भोंगा कोकलतोय आणि अख्खी इमारत रस्त्यावर! एक आजी तर अंगावरच्या साबणासकट चादर गुंडाळून उभ्या.

“मिस्त्री, भिंत कलली!” इंजिनिअर बाई घामाघूम झाल्या होत्या.

गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? पण आजींकडे बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“भिंत नाही हो बाई. डबी मीच सरळ केली.”

“अहो, तिरकी असेना का! बसवल्यापासून किती हलली, तेवढंच ती सांगते.”

“मेल्या,” आजी कडाडल्या, “पाणी निवलं माझं!”

लोक घरी परतल्यावर मिस्त्री चारही मजले चढला. दारोदार “चूक माझी” म्हणाला, पण मान काही वर झाली नाही.