लहान संच की मोठा संच

वांगी-वांगी बेटावरच्या बंदर कचेरीत संगणकातलं कळणारी सार्फिना एकटीच. मच्छीमार होड्यांवरच्या यंत्रांचे संदेश पकडून नकाशावर ठिपके उमटवणारा प्रोग्राम तिनंच जावा भाषेत लिहिलेला. आईबापामागे धाकट्या भावाला, हामसीला तिनंच लहानाचा मोठा केलं होतं. तोही होडी घेऊन समुद्रात जाई.

त्या दुपारी वादळ अंदाजाच्या आधीच येऊन थडकलं. वीज पडली आणि कचेरीतला संगणक जळाला. कपाटातला दुसरा अगदी कोरा. प्रोग्राम पेन ड्राइव्हवर होता, पण तो चालवायला जावा हवं, आणि उपग्रहावरून येणारं इंटरनेट आचके देत होतं.

"घे की उतरवून!" सगळे ज्यांना आदरानं पाक म्हणत ते बंदरप्रमुख हारून ओरडले. "लाँच तयार आहे. पण पाठवू कुठं?"

"जावाचे दोन संच आहेत, पाक. लहान घेतला तर प्रोग्राम आहे तसा चालेल. मोठा घेतला तर तो बदलताही येईल. पण मोठा येईस्तोवर लाइन टिकली पाहिजे."

"मग लहान घे ना! बदलायचंय काय आत्ता?"

"नव्या यंत्राचा संदेश या प्रोग्रामला कळत नाही. ती होडी दिसणारच नाही."

नवं यंत्र आतापर्यंत एकाच होडीवर बसलं होतं, हामसीच्या. बहिणीच्या जिवाला घोर नको म्हणून हारूननीच ते बसवून दिलं होतं.

खिडकीशी बायका दाटल्या होत्या. म्हाताऱ्या इंदोचे दोन्ही मुलगे समुद्रात होते. "अगं, जावाचं काय घेऊन बसलीस? जावा बेटाहून बोटीनं येतंय का ते?" ती किंचाळली. कुणी हसलं नाही.

सार्फिनाचं बोट मोठ्या संचावर थांबलं. मग तिनं डोळे मिटले, उघडले आणि लहान निवडला.

ठिपके उमटले. ती वायरलेसवर लाँचला एकेक ठिकाण सांगत गेली. आवाज फाटला तरी सांगत राहिली. मागोमाग मोठा संचही उतरायला लावला होता. तो थोडकाच उरला असताना लाइन गेली, ती गेलीच.

ठिपक्यांवरच्या सगळ्या होड्या परतल्या. हामसीसाठी लाँच पुन्हा गेली, नुसतीच भिरभिरून आली. पुढं दक्षिणेकडच्या खडकांत हामसीच्या होडीच्या टोकाचा तुकडा सापडला. हामसी सापडला नाही.

इंदो रोज कसाव्याची वाफवलेली कासोआमी आणि भाजलेला मासा घेऊन यायची. सार्फिना ताटाला हात लावायची नाही. "खा गं पोरी. माझी दोन्ही पोरं तुझ्यामुळं घरी आली," म्हातारी रडत म्हणायची.

सार्फिना तेव्हाही त्याच खुर्चीत बसायची, आजही बसते. एकदा हारून न राहवून म्हणाले, "आधी मोठा लावला असतास तरी लाइन तुटलीच असती, सार्फिना."

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"ते तुम्हाला काय माहीत, पाक?"