भाऊजींची पायपेटी

माझ्या थोरल्या दिरांशी वाद घालून जिंकेल असा माणूस रत्नागिरीत अजून जन्मायचा आहे, आणि जन्मलाच तर त्याच्या पहिल्या रडण्याचा सूर चुकला हे भाऊजी त्याला तिथल्या तिथे सांगतील. भाऊजी पायपेटी वाजवतात. खाली पायांनी भाता हाणायचा आणि वर दोन्ही हातांनी वाजवायचं, अशी संगीत नाटकाच्या काळातली ती धुडासारखी पेटी. पलीकडच्या आळीतले मास्तर व्हायोलिनवर आणि पोस्टातून निवृत्त झालेले बाळूकाका तबल्यावर. हे त्रिकूट माझ्या लग्नाच्याही आधीचं. मंडणगडपासून राजापूरपर्यंत त्यांनी वाजवलं नाही असं देऊळ नसेल. माझ्या लग्नातही हेच तिघे होते. भटजी मंगलाष्टकांसाठी ओरडत राहिले आणि यांचं काही संपेना. "मुहूर्त दुसरा मिळेल, तिहाई अर्ध्यावर कशी सोडायची?" असं भाऊजी भर मांडवात म्हणाले. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पावसाळ्यात पेटी सादळते, म्हणून जूनपासून तिच्या पोटात विजेचा एक दिवा जळत असतो. घरातले कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, पेटी मात्र खडखडीत. टेम्पोतून नेताना तिच्या अंगावर माझी चांगली दुलई, आणि भाऊजी स्वतः मागे तिला धरून उभे. दर गुरुवारी आमच्या पडवीत तालीम होते, म्हणजे भांडण होतं. मग एकमेकांशी बोलणं बंद. "मास्तरांना सांग गो, लय धावली," असं भाऊजी मला सांगतात. मास्तर दोन हातांच्या अंतरावर बसलेले असतात. "तुमच्या दिरांना सांगा, भाता मारून त्यांना धाप लागते, म्हणून तसं वाटतं," असं मास्तरांचं उत्तर. मी कांदा चिरता चिरता दोन्ही निरोप पोचवते.

गेल्या वर्षी मालगुंडच्या बाजूला एका उत्सवात पुण्याच्या गायिका आल्या होत्या. त्यांनी मोबाइलवर तानपुरा लावला, आणि पेटी त्याच्याशी जुळेना. बाई थांबल्या. भाऊजी माईकवरूनच म्हणाले, "तुमचा मोबाइल दुरुस्त करून घ्या." यंदा त्याच उत्सवाच्या कमिटीच्या सेक्रेटरींनी मला फोन करून स्वच्छ सांगितलं, "वहिनी, पेटी सुरात आणा, नाहीतर आम्ही कीबोर्डवाला ठरवतो." आता त्या तिघांना बोलावणारा हा एकच उत्सव उरला होता.

भाऊजींना समजावण्यात अर्थ नव्हता. ते बागेत फवारणीला गेले त्या दिवशी मी मिरजेचा कारागीर बोलावला. त्याने पेटी उघडली, आतले सूर, म्हणजे पितळेच्या बारीक पट्ट्या, एकेक करून भिंगातून पाहिले आणि मान हलवली. "बाई, ही बिघडलेली नाही. कुणीतरी मुद्दाम कानस मारून प्रत्येक सूर खाली आणलाय. काम फार सुबक आहे."

भाऊजी परतले तेव्हा मी पडवीतच उभी होते. "भाऊजी, हे तुम्ही केलंत?"

"हळू बोल गो."

"का पण?"

ते पायरीवर बसले. "मास्तरांना हल्ली सदऱ्याचं बटण लावता येत नाही. बोटं आखडतात. व्हायोलिन लावतात ते माझ्या पेटीवरून. पेटी उतरली की तारा सैल लागतात, बोटाला कमी दाबावं लागतं. तीन-चार वर्षं जरा जरा उतरवतोय. बाळूला ठाऊक आहे, त्याने खालच्या सुराचा तबला घेतला. मास्तरांना कळलं तर ते त्याच दिवशी व्हायोलिन खुंटीला टांगतील."

एवढ्या वर्षांत ते माझ्याशी इतकं सरळ पहिल्यांदाच बोलले. मी कारागिराला जेवायला वाढलं आणि वाटेला लावलं. सेक्रेटरींना कळवलं, "गाणाऱ्या बाईंच्या साथीला कीबोर्डवाला बोलवा. आमच्या तिघांना त्याआधी अर्धा तास द्या."

"आधी? तेव्हा मंडपात असतं कोण, वहिनी?"

"मी असेन."

तर मी होते, आणि खुर्च्या मांडणारे चौघे. त्यातले दोघे थोड्या वेळाने मांडलेल्या खुर्च्यांवरच बसले. वाजवून झाल्यावर मास्तर खुशीत माझ्याजवळ आले आणि त्यांनी बोटं नाचवून दाखवली. "बघितलंत? निर्गुडीचं तेल! पूर्वी तारा सुरीसारख्या कापायच्या, आता लोण्यासारख्या लागतात. तुमच्या दिरांना किती सांगतो, गुडघ्यांना चोळा म्हणून. ऐकतील तर शपथ!"

"मला आणा एक बाटली," मी म्हटलं. भाऊजी पेटीत डोकं घालून काहीतरी शोधत होते.

परतताना टेम्पोत मी त्यांच्याबरोबर मागेच बसले. "अजून किती उतरेल ती?"

"पितळ फार पातळ झालं की तुटतं," ते म्हणाले. "वर्ष, दोन वर्षं निघतील."

पुढे खड्डा आला. दुलईचं एक टोक मी धरलं.